एकाच तिजोरीतून दोन वकील

जिल्हा न्यायालयातल्या फौजदारी खटल्याकडे हिशेबनिसाच्या नजरेनं पाहिलं तर जरा गंमतच वाटेल. गुन्हा नोंदवणारा फौजदार सरकारी पगारावर. आरोप सिद्ध करायला उभा राहिलेला वकील सरकारचा. न्यायाधीशांचा पगार सरकारी तिजोरीतून. आणि आरोपी गरीब असेल, तर 'हा आरोप सिद्ध होत नाही' असं ठणकावून सांगणारा वकीलही सरकारी पैशावरच. एका हातानं खटला भरायचा आणि दुसऱ्या हातानं तो खोडून काढायला माणूस नेमायचा, हा कसला कारभार, असं कुणाही करदात्याच्या मनात येईल.

पण या दोघांपैकी एक जरी कच्चा निघाला, तर दुसऱ्यानं मिळवलेला निकालही टिकत नाही. हे मोठमोठ्या खटल्यांत, पंधरा-पंधरा वर्षं वाया घालवून, आपल्याकडे सिद्ध झालेलं आहे. म्हणून हे दोन वकील नेमके कोण, त्यांना कोण नेमतं, रोज ते करतात काय आणि कुणाला बांधील असतात, हे समजून घ्यायला हवं.

सरकारी वकील नेमका कुणाचा?

सरकारी वकील म्हटलं की डोळ्यांसमोर गाजलेल्या खटल्यातले विशेष सरकारी वकील येतात. ते मोजके असतात आणि एखाद्या खटल्यापुरते नेमलेले असतात. रोजचा गाडा ओढणारे वेगळे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सहायक सरकारी वकील काम पाहतात. महाराष्ट्रात ही पदं लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरली जातात आणि त्यांच्यावर गृह विभागाखालच्या अभियोग संचालनालयाचं नियंत्रण असतं. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील असतात. त्यासाठी किमान ७ वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलाला १०. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करतात आणि त्यातून शासन नेमणूक करतं. त्यामुळे सत्ता बदलली की सरकारी वकिलांच्या नावांचीही बाररूममध्ये चर्चा सुरू होते.

हा वकील पोलिसांचा असतो, असा सर्वसाधारण समज आहे, आणि एकेकाळी तो खराही होता. खालच्या न्यायालयांत पोलीस खात्याचेच 'प्रॉसिक्युटर' उभे राहायचे. ज्यानं तपास केला त्याच खात्याचा माणूस त्या तपासाची बाजू मांडणार, मग त्यातल्या चुका कोण दाखवणार? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं हे दोन विभाग वेगळे करायचं ठरवलं. महाराष्ट्रात मात्र सहायक सरकारी वकील त्यानंतरही बरीच वर्षं पोलीस खात्याच्या छायेतच राहिले. अखेर १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पोलिसांच्या नियंत्रणातून बाहेर काढून वेगळं खातं करायला सांगितलं.

त्याच्या आदल्याच वर्षी हितेंद्र ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र शासन या, टाडा ह्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या प्रकरणात न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. तपासासाठी मुदतवाढ हवी असेल तर पोलिसांचा अर्ज सरकारी वकिलानं नुसता पुढे सरकवायचा नाही. स्वतः कागद वाचून, मुदतवाढ खरंच हवी का याचा विचार करून, मगच अहवाल द्यायचा. सरकारी वकील हा तपासयंत्रणेचं टपाल पोचवणारा नाही, कायद्यानं निर्माण केलेला स्वतंत्र अधिकारी आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

खटला मागे घेण्याच्या बाबतीत हे स्वातंत्र्य पणाला लागतं. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय आपल्याकडे अधूनमधून निघतात आणि वर्तमानपत्रांत 'खटले रद्द' असा मथळा येतो. प्रत्यक्षात शासन निर्णयानं एकही खटला रद्द होत नाही. अर्ज सरकारी वकिलानं स्वतःचं डोकं वापरून करायचा असतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय अशी संमती देता येत नाही. आमदार-खासदारांवरचे खटले असतील, तर २०२१ पासून उच्च न्यायालयाची परवानगीही घ्यावी लागते. मंत्रालयातून आलेल्या पत्रावर 'जमणार नाही' असं म्हणायचा अधिकार कायद्यानं या माणसाला दिलेला आहे. तो किती जण वापरतात, हा निराळा प्रश्न.

आरोपीला वकील मिळाला तो असा

दुसऱ्या बाजूचा सरकारी पैशाचा वकील आपल्याकडे उशिरा आला. अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीनं १९१४ मध्ये असं कार्यालय उघडलं. तिथे पगारी बचाव वकिलाची कल्पना मांडली होती क्लारा फोल्ट्झ या वकील बाईंनी, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या वेळी. वकील न परवडणाऱ्या आरोपीला तो सरकारनं पुरवलाच पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये गिडियन खटल्यात म्हटलं.

आपल्याकडे या वाटेवरचा एक मैलाचा दगड महाराष्ट्रातला आहे. हॉस्कॉट हा प्राध्यापकी पेशातला माणूस, विद्यापीठाच्या खोट्या पदव्यांच्या प्रकरणात अडकलेला. सत्र न्यायालयानं त्याला नावापुरती शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयानं ती वाढवून तीन वर्षांची केली. सर्वोच्च न्यायालयात तो पोचला तेव्हा चार वर्षं उलटून गेली होती. कारण विचारलं तर म्हणाला, उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत मला मिळालीच नाही. तुरुंग म्हणे, दिली. पण त्याच्या सहीची पोच कुठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्ये त्याचं अपील फेटाळलं, मात्र जाता जाता नियम घालून दिला: कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत द्या, त्याची पोच घ्या, आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चानं द्या. माणूस हरला आणि त्याच्या मागून येणारे सगळे कैदी जिंकले.

घटनेत ३९-अ हे मोफत कायदेविषयक साहाय्याचं कलम तोवर आलं होतं, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं. पण ते मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे त्यावरून न्यायालयात दाद मागता येत नाही. त्यात जीव ओतला तो बिहारच्या प्रकरणांनी. कपिला हिंगोराणी यांनी १९७९ मध्ये हुसैनारा खातून आणि इतर कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. गुन्हा सिद्ध होऊन पूर्ण शिक्षा भोगली असती तरी जितके दिवस झाले असते, त्याहून जास्त काळ ही माणसं खटल्याविना आत होती. मग भागलपूरच्या पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याचं प्रकरण आलं. त्या प्रकरणाच्या निकालात न्यायालय म्हणालं की आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात तेव्हापासूनच वकील द्यायचा, आणि पैसे नाहीत ही सरकारची सबब चालणार नाही. १९८६ मध्ये अरुणाचलच्या सुक दास प्रकरणात तर वकिलाविना झालेली शिक्षाच रद्द झाली. 'त्यानं मागितला नाही' हे उत्तर न्यायालयानं मान्य केलं नाही. ज्याला हक्कच ठाऊक नाही, तो मागणार काय?

विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ ला अमलात आला, म्हणून ती तारीख विधी सेवा दिन म्हणून पाळतात. पुढची अनेक वर्षं ही मदत 'पॅनेल'वरच्या वकिलांकडून मिळत होती. खासगी वकिली सांभाळून ते ही कामं करायचे, दर खटल्यामागे मिळणारं मानधन अगदी तुटपुंजं. साहजिकच पैसे देणाऱ्या पक्षकाराची तारीख आधी आणि फुकटच्या आरोपीची मागाहून, असं होई. यातही मनापासून काम करणारे होतेच, पण कुणाच्या वाट्याला कोण येईल हा नशिबाचा भाग.

२०२२ च्या योजनेनं पूर्णवेळ बचाव वकिलांचं कार्यालय आणलं आणि हे चित्र बदलायला सुरुवात झाली. महाराष्ट्रात या नव्या कार्यालयाला लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. मुख्य लोकअभिरक्षक, उपमुख्य आणि सहायक अशी रचना. मुख्य पदाला फौजदारी वकिलीची किमान १० वर्षं, उपमुख्याला ७, आणि सत्र न्यायालयात खटले चालवल्याचा अनुभव लागतो. सहायक म्हणून नवखे वकीलही घेतात. सगळे पूर्णवेळ, कराराच्या मानधनावर आणि खासगी वकिली पूर्ण बंद. काम फक्त फौजदारी आणि फक्त आरोपीच्या किंवा शिक्षा झालेल्या कैद्याच्या बाजूचं.

कामाचा दिवस

दोघांचाही दिवस बोर्ड पाहण्यापासून सुरू होतो. आज किती प्रकरणं लागलीत, त्यात पुरावा किती, युक्तिवाद किती आणि 'से' किती. 'से' म्हणजे जामिनासारख्या अर्जावर सरकार पक्षाचं म्हणणं, आणि हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक कोर्टात दिवसातून पन्नासदा ऐकू येतो. न्यायालयाचं काम पाहणारा पोलीस, म्हणजे पैरवी हवालदार, साक्षीदार आलेत का ते सांगतो. निम्म्यांना समन्सच बजावलेलं नसतं. पंच गाव सोडून गेलेला असतो किंवा 'माझी फक्त सही घेतली' म्हणून फितूर व्हायच्या तयारीत असतो. सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकांचा अहवाल, प्रयोगशाळेतून यायचा असतो. मुद्देमाल ठाण्याच्या खोलीत कुठल्या पोत्यात आहे, ते कारकुनालाच माहीत. फिर्यादी बाई पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढलेली असते आणि तिला धीर द्यायला सरकारी वकिलाकडे पुकारा होईपर्यंतची पाच मिनिटं असतात.

लोकअभिरक्षकाचा दिवस रिमांडच्या वेळी धावपळीचा होतो. नुकत्याच अटक झालेल्याला पोलीस घेऊन येतात, पीसीआर मागतात, म्हणजे पोलीस कोठडी. ती नाकारली तर एमसीआर, न्यायालयीन कोठडी. व्हरांड्यात हवालदाराच्या शेजारी उभं राहून त्या माणसाशी बोलायला जो थोडा वेळ मिळतो, त्यात विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. कुठून उचललं आणि कधी? कागदावर काहीही असो, खऱ्या अटकेपासून इथे हजर करेपर्यंत २४ तासांपेक्षा जास्त वेळ तर गेला नाही ना? मारलं का? घरी कुणाला कळवलं का? आणि वय किती? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण मुलगा अठराच्या आतला निघाला तर हे न्यायालयच त्याच्यासाठी नसतं.

खरी कसोटी उलटतपासात. तिथे सिनेमासारखी आरडाओरड फारशी नसते. समजा, मारहाणीचा खटला आहे. साक्षीदार सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगतो, आरोपीच्या हातात कोयता होता. बचावाच्या वकिलानं पोलिसांपुढचा जबाब आधीच रेघ मारून वाचलेला असतो आणि त्यात कोयत्याचा उल्लेखच नसतो. तो शांतपणे विचारतो, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? मग साक्षीच्या कागदावर ते ठरावीक वाक्य उमटतं: 'आरोपीच्या हातात कोयता होता असे मी पोलिसांना सांगितले होते. तसे माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.' याला वकील मंडळी 'ओमिशन' म्हणतात. पण काम इथे संपत नाही. पुढे तपास अधिकारी साक्षीला येतो तेव्हा त्यालाही विचारून घ्यावं लागतं की साक्षीदारानं तसं सांगितलं नव्हतं. हा दुसरा प्रश्न विचारायला बचावाचा वकील विसरला, तर पहिल्या प्रश्नाची सगळी मेहनत वाया. वकील कच्चा असणं म्हणजे काय, ते अशा ठिकाणी दिसतं. आरोपीला कळतही नाही की आपलं काय हुकलं.

एक वकील कच्चा पडला की

मध्य प्रदेशात खांडव्याला २०१३ मध्ये एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. शहर पेटलेलं. आरोपीला वकील नव्हता, न्यायालयानं विधी सेवेतून एक वकील दिला आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवले. त्यानंतर तेरा दिवसांत फाशीची शिक्षा. जलद न्याय म्हणून तेव्हा वाहवा झाली असेल. पण त्या वकिलाला कागद वाचायला, आरोपीशी बोलायला वेळ कधी मिळाला? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये तो सगळा खटला रद्द करून नव्यानं चालवायला सांगितलं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात किमान १० वर्षं वकिली केलेलाच वकील द्यावा आणि तयारीला सर्वसाधारणपणे किमान ७ दिवस द्यावेत, हा दंडक तिथून आला. तो आरोपी अखेर २०२४ मध्ये निर्दोष सुटला. त्या मुलीच्या आईवडिलांना अकरा वर्षांनी काय मिळालं, याचं उत्तर त्या तेरा दिवसांच्या घाईत आहे.

सरकारी वकिलाची बाजू घसरली की काय होतं, ते महाराष्ट्राच्या एका प्रकरणात दिसलं. २००३ मधलं हत्याकांड, पाच जणांचा बळी, अत्याचारही. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती सर्वांना ठोठावली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, फेरविचारात त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेनंतर लगेच जखमी साक्षीदार बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंमधून भलत्याच चार माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचं पुढे काहीच झालं नाही आणि ही ओळख न्यायालयापुढे मांडली गेली नाही, ती दडवली गेली. सोळा वर्षं गजाआड काढलेल्या त्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, आणि हे ठरायलाही वर्षानुवर्षं गेली होती. खरे मारेकरी कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवणं हा सरकारी वकिलीतला सर्वांत मोठा दोष मानला जातो, आणि तो केवळ नीतीचा मुद्दा नाही. बार कौन्सिलच्या नियमांतच लिहिलं आहे की अभियोग पक्षाच्या वकिलानं निर्दोष माणसाला शिक्षा होईल असं वागू नये आणि आरोपीचं निर्दोषत्व दाखवणारी गोष्ट लपवू नये. त्याच नियमांत दुसऱ्या बाजूसाठीही एक वाक्य आहे: आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काहीही असो, त्याचा बचाव करणं हे त्याचं कर्तव्य आहे. या दोन नियमांत एक असमतोल आहे, तो मुद्दाम ठेवलेला. बचावाचा वकील आपल्या अशिलाला बांधील असतो. खोटं बोलायचं नाही, खोटा पुरावा उभा करायचा नाही, पण अशिलाविरुद्धचा कागद आपण होऊन काढून द्यायचीही गरज नाही. सरकारी वकिलाला हे स्वातंत्र्य नाही. त्याचा अशील म्हणजे अख्खा समाज, आणि आरोपीही त्याच समाजातला. म्हणून निर्दोष माणूस सुटला तर सरकारी वकील हरत नाही. शिक्षेच्या टक्केवारीवरून त्याचं मोजमाप करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

'असल्यांचं वकीलपत्र घेता कसं?' हा प्रश्न बचावाच्या वकिलाला घरच्या जेवणाच्या ताटावरही ऐकावा लागतो. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर तो देशभर विचारला गेला. वकील संघटनांनी हल्लेखोर कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं. तरीही न्यायालयानं त्याला वकील दिला, एक गेला तर दुसरा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांच्यासारखे ज्येष्ठ वकील त्याच्या बाजूनं उभे राहिले. २९ ऑगस्ट २०१२ ला फाशी कायम झाली. त्याच निकालात न्यायालयानं देशातल्या सर्व दंडाधिकाऱ्यांना बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हा त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगा आणि त्याला नको असेल तरच वकिलाविना पुढे जा. कसाबची शिक्षा जगापुढे ताठ मानेनं उभी राहिली ती सरकार पक्षाच्या भक्कम पुराव्यामुळे, आणि तितकीच त्या पुराव्यावर प्रश्न विचारायला समोर वकील होता म्हणून. अमुक आरोपीचं वकीलपत्र घेऊ नका असे संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच एका तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं होतं. तरी असे ठराव अजून होतात.

जामीन मिळूनही आत

लोकअभिरक्षकाचं बरंचसं काम गाजत नाही आणि तेच सर्वांत उपयोगाचं असतं. जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, कारण जामीनदार नाही. ऊसतोडीला आलेल्या किंवा परप्रांतातून बांधकामावर आलेल्या मजुराला परक्या गावात ऐपतीचा दाखला असलेला माणूस कोण देणार? मग जात मुचलक्यावर सोडा, रोख रक्कम भरून घ्या, अट सैल करा, असे अर्ज करत राहावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यासाठी पद्धत घालून दिली: जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत आलं नाही तर मिळणारा जामीन, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर नव्या संहितेनं दिलेली सुटकेची सोय (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून), हे सगळे हक्क कागदावर आहेत. कुणीतरी तारखा मोजून अर्ज टाकला तरच ते हाती लागतात. आणि सरकारी वकिलानं त्या अर्जावर केवळ सवयीनं 'तीव्र विरोध आहे' असा से लिहिला नाही, तर लवकर लागतात.

एल.एल.बी. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी या दोन्ही वाटा आता खुल्या आहेत. एक काही वर्षांच्या वकिलीनंतर आयोगाच्या परीक्षेतून, कायम नोकरीची. दुसरी कराराची, कमी सुरक्षिततेची, पण पहिल्याच वर्षी उलटतपास घ्यायला लावणारी. पगारात आणि मानात या दोन वाटांत जेवढं अंतर राहील, तेवढे खटले एका बाजूला झुकत राहतील. न्यायाधीश कितीही चांगले असले तरी समोर आलेल्या दोन युक्तिवादांपलीकडे फार काही पाहू शकत नाहीत.

वाचकानं लक्षात ठेवायचं ते एवढंच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी हा वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपये आहे. कोठडीत असलेल्या माणसाला ती मर्यादाही नाही. ओळखीतल्या कुणाला अटक झाली तर पहिल्याच रिमांडला वकील मागा. मागितला नाही म्हणून हक्क जात नाही, पण पहिल्या दिवशी जो प्रश्न विचारायचा राहतो, तो सोळा वर्षांनी विचारून फारसा उपयोग होत नाही.